हॉर्नवाल्याचा वाकडा दात

जून लागला, म्हणजे इथला हिवाळा आला, की जॉन्सनव्हिलमध्ये कपडे वाळायचं नाव घेत नाहीत. दक्षिणेकडून सदर्ली वाऱ्याची लाट सुटते, ती थेट बर्फावरून निघालेली असते आणि वाटेत तिला अडवायला कुणी नसतं. खिडक्यांच्या काचांना आतून घाम फुटतो, पाचलाच अंधार पडतो, आणि क्लिनिकमधून येऊन मी चहा टाकते तेव्हा वरच्या खोलीतून हॉर्नचा एक लांब सूर जिना उतरून येतो. या जूनमध्ये तर रोजच येत होता, कारण माझ्या मुलीची, मुक्ताची, परीक्षा तोंडावर होती. सूर सरळ निघायचा, मध्यावर भरायचा आणि शेवटाकडे जाताना हलकासा थरथरायचा. ती थरथर आली की मी हातातलं काम थांबवते. ती माझ्या घरात कुठून आली ते मला माहीत आहे, आणि ती टिकावी म्हणून एका हिवाळ्यात काय रामायण झालं तेही.

मी दातांची डॉक्टर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं बरं भरतं. त्या हिवाळ्यात, म्हणजे चार वर्षांपूर्वी, एका पावसाळी दुपारी आमच्या रिसेप्शनवरच्या आरोहाने दारातून डोकं आत घातलं. म्हणाली, ‘‘वृंदा, बाहेर एक आजोबा आहेत. कोट काढायला तयार नाहीत आणि हातातली पेटीही ठेवायला तयार नाहीत.’’

आजोबा आत आले. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, पांढऱ्या मिशा. पेटी त्यांनी मांडीवरच ठेवली. मी नाव सांगायच्या आधी त्यांनी माझ्या कोटावरची पट्टी वाचली आणि एका दमात म्हणाले, ‘‘डॉक्टर क्षीरसागर.’’

मी बघतच राहिले. या देशात आल्यापासून माझं आडनाव कुणी असं सबंध उच्चारलं नव्हतं. क्लिनिकमध्ये तर सगळ्यांच्या सोयीसाठी मी ‘डॉक्टर व्ही’ झाले होते. ते म्हणाले, ‘‘मी चेक आहे. आमच्याकडे स्वर न घेताही शब्द होतात. तुमचं नाव सोपं आहे.’’

त्यांचं नाव बोहुमिल. ऑर्केस्ट्रात हॉर्न वाजवण्यात आणि शिकवण्यात उभा जन्म गेलेला माणूस. हॉर्न म्हणजे गाडीचा नव्हे. जिलबीसारखी गुंडाळलेली पितळेची लांब नळी, एका टोकाला रुंद तोंड, त्यात उजवा हात घालून बसायचं, आणि दुसऱ्या टोकाला ओठ. ओठांच्या मागे दात. बोहुमिलांचा वरचा पुढचा दात हलत होता. हॉर्नची सगळी फुंक ज्या दातावर टेकते, तोच.

पेटी उघडून त्यांनी आधी हॉर्न काढला नाही. कापसात गुंडाळलेली एक पांढरी वस्तू काढून माझ्या ट्रेवर ठेवली. प्लास्टरचा ठसा होता, एका तरुण माणसाच्या वरच्या दातांचा. त्यातही तो पुढचा दात जरासा वाकडा, शेजाऱ्यावर कलंडलेला. ‘‘हा मी,’’ ते म्हणाले, ‘‘संगीतशाळेत पहिल्या दिवशीचा.’’ ब्रनोच्या त्यांच्या गुरूंची रीतच होती म्हणे. नवा मुलगा आला की त्याला सूर लावू द्यायचे नाहीत, आधी दातवाल्याकडे धाडून ठसा घेऊन यायला लावायचे. हॉर्न चोरीला गेला तर दुसरा मिळेल, पण दात गेला तर तो कसा होता हे सांगणार कोण? तो ठसा दोन समुद्र ओलांडून आला होता. शाळेतल्या पहिल्या दिवसाचा माझ्याकडे फोटोही नाही, आणि या माणसाने आपलं अख्खं तोंड जपून ठेवलं होतं.

मग ते सरळ म्हणाले, ‘‘सप्टेंबरात मैफल आहे. आमच्या हौशी ऑर्केस्ट्राची, चर्चच्या हॉलमध्ये. त्यात एकट्या हॉर्नची जागा आहे. मला ती वाजवायची आहे. त्यानंतर दात गेला तरी चालेल. त्याआधी नाही.’’

आमच्या क्लिनिकचे मालक ग्रॅहम. माणूस चांगला, हात त्याहून चांगला. एक्स-रे पाहून त्यांनी मान हलवली. ‘‘काढून टाक. हाड राहिलेलंच नाही. इम्प्लांट कर, नाहीतर साधी कवळी दे. या वयात हीप्स ऑफ पीपल कवळीवर मजेत जगतात.’’ पुस्तकाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. पण इम्प्लांट भरून यायला सगळा हिवाळा गेला असता, तोवर त्या ओठांची सवय मोडली असती, आणि कवळीवर हॉर्न वाजवणं म्हणजे भाड्याच्या चपलेत डोंगर चढणं. मी म्हटलं, मी दात बांधून बघते. ग्रॅहम म्हणाले, ‘‘युअर कॉल, व्ही. पण पडला तर मला सांगू नकोस.’’

मी मूळची साताऱ्याची. आमच्याकडे ‘नको करू’ म्हटलं की काम निम्मं झालेलं असतं. या देशात पुन्हा डॉक्टर व्हायची परीक्षा देत होते तेव्हा ऑकलंडच्या ओटाहुहू भागात एका भाड्याच्या खोलीत राहायचे. स्टेशन जवळ होतं, खाली एक डेअरी, म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान, होती, तिथला दूधपाव खाऊन अभ्यास करायचे. तेव्हा भेटेल तो मराठी माणूस सल्ला द्यायचा. ‘‘अगं, असिस्टंट म्हणून लाग ना, कशाला जिवाला त्रास?’’ आणि दुसरा सल्ला, तोही आपल्याच माणसांचा: ‘‘तोंडी परीक्षेत तुझा तो ॲक्सेंट जरा लपव. परीक्षेपुरता.’’ मी आरशासमोर उभी राहून ‘व्हेरी वेल’ म्हणायचे, एकदा दात ओठावर टेकवून आणि एकदा न टेकवता. परीक्षा पास झाले. पण ‘परीक्षेपुरता’ लपवलेला तो आवाज पुढे बरीच वर्षं सापडला नाही. फोनवर मी बोलायला लागले की मुक्ता लहानपणी विचारायची, ‘‘आई, हू आर यू बीइंग नाऊ?’’ आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करणार?

तर मी दात बांधला. मागच्या बाजूने काचेच्या धाग्याची बारीक पट्टी चिकटवली, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना जखडून टाकलं. सबंध वेळ त्यांच्या तोंडात कापूस होता आणि त्या कापसाआडून ते बोलत होते. गुळणी करायला सांगितली की एक वाक्य पूर्ण व्हायचं. त्यांचं सगळं चरित्र मी असंच, गुळणी गुळणीने ऐकलं आहे. गावचा बँड, त्यात वडील. लग्नात तोच बँड, मयतालाही तोच. मग संगीतशाळा, मोठ्या ऑर्केस्ट्रातली पहिली, म्हणजे प्रमुख हॉर्नवाल्याची, खुर्ची. देशाच्या सीमा उघडल्यावर इथल्या एका ऑर्केस्ट्राचं बोलावणं आलं आणि ते बायकोसह जगाच्या या टोकाला आले. बायको आता नाही.

काम झाल्यावर म्हटलं, वाजवून बघा. त्यांनी मुखनळी ओठांना लावली आणि माझ्या त्या डेटॉलच्या वासाच्या खोलीत एक सूर सोडला. बाहेर बसलेले पेशंट बोलायचे थांबले. सूर मोठा होता, गोल होता, आणि थरथरत होता.

माझं लहानपण गाण्याच्या क्लासात गेलं आहे. आमच्या बाई तंबोरा खाली ठेवून म्हणायच्या, ‘‘वृंदे, सूर हलतोय.’’ हलणारा सूर म्हणजे कच्चा सूर, हे माझ्या कानात खिळ्यासारखं ठोकलेलं. इथे हलणारा दात आणि हलणारा सूर एकत्र समोर आले आणि मी दोघांची गाठ मारून मोकळी झाले. अगदी आत्मविश्वासाने म्हटलं, ‘‘काळजी करू नका, अजून थोडं हलतंय. आणखी एक पट्टी लावते, थरथर पूर्ण जाईल.’’

बोहुमिलांनी हॉर्न खाली घेतला. त्यांचे कान लाल झाले होते. ‘‘डॉक्टर क्षीरसागर,’’ ते म्हणाले, ‘‘दात हलतो ती तुमची बाब. सूर हलतो ती माझी. तिला हात लावायचा नाही. ऑर्केस्ट्राचे कंडक्टर कमी होते, त्यात आता डेंटिस्ट पण?’’

माझी दातखिळी बसली. मग त्यांनी तो राग सविस्तर उलगडला. त्यांच्याकडे हॉर्न असाच वाजवतात, अंगात थोडी थरथर ठेवून. वडील असेच वाजवायचे, गुरू असेच वाजवायचे. बाकीच्या जगात हॉर्न सरळ हवा, काठीसारखा. इथे आल्यावर पाहुणा कंडक्टर येई आणि पहिल्याच तालमीला काठी आपटून म्हणे, ती थरथर काढून टाका. बोहुमिल विचारत, ‘‘काढतो. तिच्या जागी काय घालू?’’ यावर कुणाकडे उत्तर नसे, पण खुर्ची बदलायला उत्तर लागत नाही. पहिल्या खुर्चीवरून ते तिसऱ्या खुर्चीवर गेले. तिथेही थरथर घेऊनच गेले. शेवटी करार पुन्हा झाला नाही. मग जुन्या गाडीत मागे दोन-तीन हॉर्न टाकून हा माणूस शाळा-शाळांतून शिकवत फिरला.

‘‘पण पोटासाठी थोडं सरळ वाजवलं असतं तर?’’ मी विचारलं. माझ्याच तोंडून ते ‘परीक्षेपुरतं’ निघालं होतं, फक्त शब्द वेगळे.

‘‘एक सीझन वाजवलं,’’ ते म्हणाले. ‘‘घरी बायको म्हणाली, कोण वाजवतंय?’’

‘हू आर यू बीइंग नाऊ’ मला चांगलंच ओळखीचं होतं.

त्या दिवशी मुक्ता शाळेतून थेट क्लिनिकमध्ये आली होती. नुकतीच तिच्या दातांची तार निघाली होती आणि ती उगाचच सगळ्यांकडे बघून हसत सुटली होती. बोहुमिल दारात थबकले, वाकून तिच्या दातांकडे पाहिलं. घोडा विकत घेताना बघतात तसं. ‘‘हे कुणी केले?’’ मी म्हटलं, मी. ‘‘छान. हिला हॉर्न येईल.’’ मुक्ताने आयुष्यात हॉर्न पाहिला नव्हता. ती म्हणाली, ‘‘स्वीट ॲज,’’ म्हणजे इथल्या पोरांचं ‘एकदम झकास’. एवढ्यावर ठरलं. कुणाचं लग्न ठरायला यापेक्षा जास्त चौकशी करतात. पहिल्या धड्याआधी अर्थातच मला तिच्या दातांचा प्लास्टरचा ठसा घ्यावा लागला.

तो हिवाळा मला वासांनी आठवतो. धडे त्यांच्या गॅरेजमध्ये व्हायचे, तिथला पितळ, तेल आणि दमट गालिच्याचा वास. हीटरजवळ वाळत घातलेले मोजे. त्यांच्या झाडाची लिंबं, जी ते पिशवी भरून द्यायचे आणि मी लोणचं करून परत करायचे. ते लोणचं ते पावाला लावून खायचे आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खायचे, थांबायचे नाहीत. मी गाडीत बसून धडा संपायची वाट बघायचे, काचेवर पाऊस, आणि आतून मुक्ताचा म्हशीसारखा हंबरणारा सूर. बोहुमिल ओरडायचे, ‘‘चूक असू दे, पण तुझी असू दे!’’ ही शिकवणी पुण्यात चालली नसती.

तिकडे ऑर्केस्ट्रात नवा कंडक्टर आला होता. तरुण, हुशार, बोलायला गोड. पहिल्याच तालमीत त्याने सांगितलं, ‘‘बोहुमिल, ती जागा सरळ हवी. मैफलीत थरथरली तर पुढच्या सीझनला दुसरं कुणी बघावं लागेल.’’ हे आम्हाला बोहुमिलांनीच सांगितलं, हसत सांगितलं. ‘‘पहिल्यावरून तिसऱ्यावर नेलं, तिसऱ्यावरून घरी. आता कुठे नेणार? चर्चच्या स्वयंपाकघरात?’’ पण पुढे म्हणाले, ‘‘ती जागा एकदा माझ्यासारखी वाजायला हवी, डॉक्टर. इथे कुणी ती तशी ऐकलेलीच नाही. नंतर मी सरळ झोपून राहीन, हवं तेवढं.’’

ऑगस्ट संपत आला. कोवाईची झाडं पिवळी झाली, त्यांच्यावर तुई पक्षी उलटे लटकून मध पिऊ लागले. मला वाटलं, जिंकलो. आणि मैफल आठवड्यावर आली असताना बोहुमिल क्लिनिकच्या दारात उभे राहिले, मूठ घट्ट मिटून. मूठ उघडली. आत दात होता. पट्टीसकट सुटून आला होता. कशाने? माझ्या लोणच्यातल्या लिंबाच्या बीने.

ग्रॅहमनी दुरून पाहिलं आणि शब्दाला जागून काहीच विचारलं नाही. बोहुमिल खुर्चीत बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी पेटी जमिनीवर ठेवली. ते पाहून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. म्हटलं, तो ठसा आणलाय का? आणला होता. तो ठसा पेटीबाहेर राहतच नसे.

उत्तरेला, ऑकलंडच्या अल्बनीत, आमच्यासाठी दात बनवणारी एक लॅब आहे. मी ताजं माप आणि तो जुना ठसा दोन्ही कुरिअरने धाडले. मागून पंख लावलेला एकच दात हवा होता, शेजाऱ्यांना चिकटवायचा, आणि ठशातल्यासारखा तंतोतंत. लॅबवाल्यांनी धावपळ केली. मैफलीच्या आदल्या दिवशी दात आला. मी तो बसवला आणि म्हटलं, वाजवा. बोहुमिलांनी आधी जिभेने तो चाचपला, इकडून, तिकडून. मग हॉर्न उचलला. सूर निघाला, भरला आणि थरथरला. आरोहाने बाहेरून टाळ्या वाजवल्या. मी मात्र त्या दिवशी ‘सूर हलतोय’ म्हणाले नाही.

मैफलीला हॉलमध्ये ओल्या लोकरीचा वास होता. मुक्ता माझ्या शेजारी, तिने माझी बाही घट्ट धरली होती. ती जागा आली. बाकी सगळे थांबले. कंडक्टरने डावा हात सपाट धरला, टेबलावरून हात फिरवावा तसा: सरळ, सरळ. बोहुमिलांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते वर छताकडे बघत होते. आणि ज्या थरथरीसाठी त्यांच्या खुर्च्या गेल्या, ती सगळीच्या सगळी त्यांनी त्या हॉलमध्ये ओतली. कसला कच्चा सूर! आमच्या बाई असत्या तर त्यांनीही तंबोरा उचलून कपाळाला लावला असता. कंडक्टरचा हात हवेतच राहिला, मग हळूच खाली आला. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

पुढच्या सीझनला ऑर्केस्ट्राकडून बोलावणं आलं नाही. त्यांनी दुसरं कुणी बघितलं. बोहुमिलांनी ते लोणच्याबरोबर पचवलं आणि आणखी चार विद्यार्थी घेतले. त्या सगळ्यांच्या दातांचे ठसे माझ्या खोलीतल्या फळीवर ओळीने आहेत. पेशंट विचारतात, हे काय? मी म्हणते, ऑर्केस्ट्रा. क्लिनिकच्या दारावरही आता ‘डॉक्टर व्ही’ नाही. अख्खं क्षीरसागर लिहिलं आहे, ज्याला जमेल त्याने म्हणावं.

आणि आता हा जून, ही मुक्ताची मोठी परीक्षा. आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली, ओट्यावर बसली. ‘‘आई, लास्ट टाइम थरथरीचे दोन मार्क्स गेले. द एक्झामिनर हेट्स इट. शुड आय जस्ट प्ले इट स्ट्रेट? जस्ट फॉर द एक्झाम?’’

परीक्षेपुरतं. शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता. मराठी आईच्या जिभेवर तो जन्मतःच असतो. मी विचारलं, ‘‘मिस्टर बी काय म्हणाले?’’ मुक्ताचे मिस्टर बी म्हणजे बोहुमिल.

‘‘ही सेड, युअर लिप्स, युअर एक्झाम.’’

म्हाताऱ्याने ओझं बरोबर तिच्याच खांद्यावर ठेवलं होतं. मला तिला ‘थरथरव’ असंही सांगायचं नव्हतं. ती माझी लढाई तिच्या तोंडाने लढल्यासारखं झालं असतं. म्हणून मी तिला फक्त एका फोनची गोष्ट सांगितली, जी तिला माहीत नव्हती. त्या सप्टेंबरात दात बनत असताना अल्बनीच्या लॅबमधून फोन आला होता. पोरगा अगदी मदत करायच्या स्वरात म्हणाला, ‘‘डॉक्टर, ठशातला हा दात वाकडा आहे. नवा करतोच आहोत, तर सरळ करून देऊ का? फार सुंदर दिसेल.’’ मी साताऱ्याच्या माझ्या आवाजात, आरशासमोर न शिकलेल्या, त्याला म्हटलं, ‘‘नो. वाकडा आहे तसाच हवा. आणि पाकिटावर नाव पूर्ण लिही. क्षीरसागर. सांगते एकेक अक्षर.’’

मुक्ता हसली. ओट्यावरून उतरली आणि वर गेली. त्या संध्याकाळी वरून काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या खोलीच्या दारापाशी, लाकडी बाकावर, मी आणि बोहुमिल. ते कोट काढायला तयार नव्हते. आतून मुक्ताची सुरावट सुरू झाली. पहिला लांब सूर आला, सरळ. दुसराही सरळ, स्वच्छ, काठीसारखा. बोहुमिल आपल्या बुटांकडे बघत होते. मी मनाला समजावत होते की पोरगी तिची आहे, ओठ तिचे आहेत, मार्क तिचे आहेत. मग ती एकटीची जागा आली. सूर निघाला, भरला, आणि शेवटाकडे जाताना थरथरला. घाबरून नाही, हवा तेवढाच, हवा तिथेच. आणि त्यांच्यासारखाही नाही. जरा सावकाश, वेगळाच, तिचा.

बोहुमिल माझ्याकडे वळले आणि तोंडभर हसले. तो वाकडा दात सगळ्यांच्या पुढे. काउंटरवरच्या बाईंनी ओठावर बोट ठेवलं. बोहुमिलांना आयुष्यभर हेच सांगण्यात आलं आहे. त्यांनी बाईंना मान लववून नमस्कार केला, आणि आणखी हसले.